आनंदीच्या चीजवस्तू

नाव. यमुना. कल्याणच्या जोश्यांच्या घरात हे नाव नऊ वर्षं हाकेला होतं. १८७४ साली लग्न लागलं आणि ते तिथंच संपलं. ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर सोन्याच्या अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायचं, ही आपली रीत. माहेरचं आडनाव जोशी, सासरचंही जोशी. बदलायला फक्त यमुना उरली होती. तिची आनंदी झाली, पुढची डॉक्टर आनंदी जोशी. ती रीत आता पुष्कळ घरांतून जाते आहे. जाऊ द्यावी.

मुलगा. आईचं वय चौदा, बाळाचं आयुष्य दहा दिवसांचं. बारसं बाराव्या दिवशी. चरित्रांतून तो नुसता ‘मुलगा’ म्हणूनच येतो. वेळेवर औषधपाणी झालं असतं तर तो जगला असता, हे त्या आईच्या मनानं घेतलं आणि पुढं सोडलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरला पाऊल टाकू देत नसत आणि आपल्यातली बाई डॉक्टर कुणी पाहिलेली नव्हती. सुईण, शेक, धुरी, दाराशी विस्तव, खिडकी बंद. ती अंधारी खोली वाड्यांबरोबर गेली. तिच्यासाठी हळहळायचं कारण नाही.

छडी. इथं जरा थांबायला हवं. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर, वयानं तिच्याहून बरेच मोठे, आणि बायकोला शिकवायचंच या एका गोष्टीवर अडून बसलेले. त्यांचा हट्ट नसता तर आनंदी कल्याणच्या किंवा संगमनेरच्या माजघरात संपली असती, हे खरं. त्या हट्टाचा मार तिच्या अंगावर पडला, हेही तितकंच खरं. अमेरिकेहून तिनं नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर आलेली पुस्तकं आणि खुर्च्या आणि ऐकलेली टाकून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी भोगलेल्या आणखी विचित्र शिक्षा, सगळं तिनं त्यात वयाच्या क्रमानं मांडलंय. त्याच पत्रात ती विचारते, हे वागणं चांगलं होतं की वाईट? उत्तर देते, दोन्ही. पोचायचं होतं तिथं पोचवलं म्हणून योग्य. लहान मुलाच्या मनावर काय झालं असेल ते पाहिलं तर अयोग्य.

विशीच्या आतबाहेरची मुलगी, त्या काळातली बायको, आणि पत्र नवऱ्यालाच. आकांत नाही, आरोप नाही. रोग्याची लक्षणं पाहून निदान करावं तसं लिहिलंय. मला हे पत्र तिच्या पदवीइतकंच मोठं वाटतं. आपण गोपाळरावांना फार लवकर माफ करून टाकतो, कारण शेवट चांगला झाला असं आपण धरून चालतो. तिनं माफी दिली की नाही हे पत्रात नाही. तिनं फक्त तपासलं.

टपाल. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, सेरामपूर. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड उचलायचं. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिलं. ख्रिस्ती व्हाल तर बघू, अशा अर्थाचं उत्तर आलं आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी तो अंक होता, त्यांनी चाळला. एका हिंदू मुलीला शिकायचंय एवढंच त्यांना त्यात दिसलं आणि त्यांनी अनोळखी पत्त्यावर पत्र टाकलं. पत्राला जायला आठवडेच्या आठवडे आणि उत्तराला यायलाही तितकेच. या वेगानं तीन वर्षांत माणसं इतकी जवळ आली, की आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. तोंड अजून पाहायचं होतं.

दवाखान्याच्या बाकावरचं जुनं मासिक आता दिसत नाही. ज्याच्या त्याच्या हातात फोन असतो. एका मुलीचं अख्खं आयुष्य त्या बाकावरच्या अंकानं वळवलं होतं, म्हणून त्याची इथं नोंद केली.

आवाज. २४ फेब्रुवारी १८८३, सेरामपूर कॉलेजचं सभागृह. ही बाई एकटी परदेशी का चालली, धर्म बुडवायला का, असं गावभर बोललं जात होतं. रस्त्यात लोक थांबून बघायचे, शेरे मारायचे. तिनं एकेका आक्षेपाला इंग्रजीत उभं राहून उत्तर दिलं. या देशाला बायका डॉक्टर हव्यात, मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणून परत येईन, असा भाषणाचा गाभा. वय अजून अठरा पुरं नव्हतं. एडिसनचा फोनोग्राफ निघून पाच वर्षं झाली होती, पण तो सेरामपुरात कुठला असणार. भाषण छापलेलं आहे. ते बोलताना तिचा स्वर कुठं चढला, कुठं श्वास पुरला नाही, ते त्या सभेतल्या माणसांबरोबर गेलं.

त्या सभेपासून तिच्या हाती चार वर्षं आणि दोन दिवस होते.

बोट ७ एप्रिलला कलकत्त्याहून सुटली. ४ जूनला न्यूयॉर्क. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या.

अर्ज. हा मात्र टिकलाय. जून १८८३ मध्ये रोझेलहून तिनं फिलाडेल्फियाच्या ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ला पाठवला. नियमात बसणाऱ्या परीक्षा तिनं दिलेल्या नव्हत्या. ते तिनं लपवलं नाही. स्नेह्यांच्या आणि जातीच्या विरोधाला तोंड देऊन ज्या निश्चयानं मी इथवर आले तोच माझ्या बाजूनं धरा, असं तिचं म्हणणं. पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या बायकांपर्यंत औषध पोचवायचंय, हे कारण. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी तिला घेतलं, तिच्या पैशांची वाट काढली आणि पुढं तिला मुलीसारखं सांभाळलं. कागदावरच्या अटीपलीकडचं वाचणारी अशी माणसं प्रवेशाच्या खिडकीमागे आजही भेटावीत, एवढंच मनात येतं. टक्केवारीच्या रकान्यात आनंदी बसली नसती.

साडी. ती तिनं सोडली नाही. खाणंही शाकाहारीच ठेवलं. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात, बर्फातून, साडी नेसून वर्गाला जायचं आणि संध्याकाळी स्वतःपुरतं शिजवायचं. परत जाईन तेव्हा माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहू नये, हा त्यामागचा हिशेब. तिच्या तब्येतीनं त्याची किंमत दिली असं मला वाटतं. तिनं तिकडचे लोकरीचे कपडे घातले असते, मिळेल ते खाल्लं असतं, तर चार लोकांनी नावं ठेवली असती. ठेवू द्यायची होती. पण हे आज, गरम कपड्यांत बसून, म्हणणं सोपं आहे.

फोटो. १० ऑक्टोबर १८८५. तीन विद्यार्थिनी ओळीनं. डावीकडे आनंदी साडीत, मध्ये जपानची केई ओकामी किमोनोत, उजवीकडे दमास्कसची सबात इस्लामबूली आपल्या मुलखाच्या पोशाखात. तिघींच्या आया तीन भाषांत बोलत होत्या आणि तिघींना शरीरशास्त्र चौथ्या भाषेत पाठ करायचं होतं. फोटोत कुणी हसत नाही, पण तेव्हा फोटोसाठी हसत नसत. आनंदीचा चेहरा भरलेला आहे, नजर सरळ आहे. आजारपण शोधू गेलं तर फोटोत दिसत नाही. आपल्याला ठाऊक असतं म्हणून आपण शोधतो.

ओकामीला पदवी १८८९ मध्ये मिळाली, इस्लामबूलीला १८९० मध्ये. ओकामी जपानला परतली, डॉक्टर म्हणून काम केलं, ऐंशी ओलांडली आणि १९४१ साली गेली. तिच्याइतकं आयुष्य आनंदीला मिळतं तर ती १९४७ पर्यंत पोचली असती. कोल्हापुरात, पांढऱ्या केसांची, तीन पिढ्यांची बाळंतपणं केलेली म्हातारी डॉक्टरीणबाई. हिचा फोटो कुठंच नाही.

प्रबंध. हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र, हा विषय. इंग्रजीतून, संस्कृत ग्रंथांच्या आधारानं लिहिलेला. गर्भवतीनं काय खावं, प्रसूतीच्या वेळी काय करावं, नवजात बाळाची निगा कशी राखावी. वर्गातल्या मुली आपापले विषय निवडत होत्या आणि दहा दिवसांच्या मुलाची आई हा विषय निवडत होती. परीक्षकांना ती गोष्ट ठाऊक असो नसो, प्रबंध वाचताना ती डोळ्यांआड करता येत नाही. हा प्रबंध फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, तो तीन मुलींचा फोटोही तिथंच.

ड्रेक्सेलच्या, कारण तिचं कॉलेज आता त्या नावानं नाही. १८५० मध्ये फक्त बायकांसाठी निघालेलं ते कॉलेज १९७० च्या सुमारास मुलग्यांना घेऊ लागलं, नाव बदललं, पुढं दुसऱ्या कॉलेजात मिसळलं आणि शेवटी ड्रेक्सेलमध्ये. बहुतेक वैद्यकीय कॉलेजं बायकांना घेत नव्हती म्हणूनच ते निघालं होतं. अशी संस्था नाहीशी होणं म्हणजे तिचं काम झालं. तरी पाटी गेली की चुकचुकतंच.

पदवी. ११ मार्च १८८६. इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या, गोपाळरावही पोचले होते. टाळ्या पुष्कळ झाल्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. 

खुर्ची. कोल्हापूर संस्थानाच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. ते हॉस्पिटल आज सीपीआर म्हणून सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तिच्यासाठी ठेवलेल्या त्या खुर्चीवर ती एक दिवसही बसली नाही. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरली ती रोगी म्हणूनच. तिला डॉक्टर म्हणतात आणि म्हणावंच. पण आयुष्याची जी वर्षं तिला मिळाली त्यांतली बहुतेक सगळी विद्यार्थिनी म्हणून गेली. आधी नवऱ्यापुढं पाटी घेऊन, मग मिशनच्या शाळेत, मग फिलाडेल्फियात. शिकून झालं आणि दिवस संपले.

हवापालट. हा शब्दच आता कुणी वापरत नाही. ताप, कोरडा खोकला, गळत चाललेलं वजन, आणि निदान क्षयाचं. जंतू सापडलेला होता. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जाहीर केला, आनंदी बोटीत बसली त्याच्या वर्षभर आधी. कशानं मरतो हे कळलं होतं, कशानं जगवायचं हे कळायला साठ वर्षं लागायची होती. तोवर डॉक्टरांकडे होतं ते एवढंच: विश्रांती, मोकळी हवा, दूध, कॉडलिव्हर ऑइल. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती गेली. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर राहिला होता.

तिच्यामागून आपल्याकडे क्षयाचं एक सगळं जग उभं राहिलं आणि मावळलं. मिरज, पाचगणी, औंध इथली सॅनेटोरियमं. लांबच लांब व्हरांडे, ओळीनं खाटा, तोंड डोंगराकडे. घरात वेगळी ताटवाटी, वेगळा पेला, खोलीबाहेर थांबवलेली मुलं. लग्न जमवताना ‘त्यांच्याकडं कुणाला होता का’ हा दबक्या आवाजातला प्रश्न. मद्रासमध्ये १९५६ पासून एक पाहणी झाली. गरीब वस्तीतले रोगी दोन गटांत वाटले. एका गटाला सॅनेटोरियम, दुसऱ्याला घरीच औषधं. निकाल १९५९ मध्ये छापून आला. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरातल्यांना लागण जास्त झाली नाही. व्हरांडे रिकामे होऊ लागले. वेगळी ताटवाटी मात्र कागदावरच्या निकालानं हलली नाही, ती अजून काही घरांत फळीवर आहे.

औषध. हे तिच्या चीजवस्तूंत नाही, कारण ते तिला मिळालंच नाही. तरीही ते इथं लिहायला हवं. १९४३ च्या ऑक्टोबरात स्ट्रेप्टोमायसिन निघालं, क्षयाच्या जंतूला मारणारं पहिलं औषध. ते ज्यानं वेगळं काढलं तो आल्बर्ट शाट्झ तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. सेलमन वॅक्समन यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारा, रटगर्सच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत एकटा काम करणारा. क्षयाचे जंतू वर नकोत म्हणून त्याला खाली ठेवलं होतं. ते रटगर्स न्यू जर्सीत. कार्पेंटर मावशींचं रोझेलही न्यू जर्सीत. ज्या मुलखात येऊन एका विद्यार्थिनीनं डॉक्टर व्हायचा अर्ज लिहिला, त्याच मुलखात साठ वर्षांनी एका विद्यार्थ्यानं तिच्या आजाराचं औषध शोधलं. १९५२ चं नोबेल वॅक्समन यांना एकट्यांना मिळालं, शाट्झ बाजूला राहिला. तो अन्याय होता असंच मी म्हणेन.

राख. पुण्यात दहन झालं. गोपाळरावांनी तिची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, मावशींच्या कुटुंबाच्या जागेत ती ठेवलेली आहे. वर दगड आहे, नाव, एम. डी., १८६५–१८८७, आणि शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. बोटीत बसण्यावरून जिच्या धर्माची चिंता गावानं केली, तिला शेवटची जागा परक्या घरानं आपल्या माणसांत दिली. अमेरिकेत राहणारे मराठी लोक आता तिथं फुलं घेऊन जातात. जमेल त्यांनी जावं.

पुस्तकं. पहिलं चरित्र अमेरिकेत निघालं, कॅरोलाइन डॉल यांचं, १८८८ मध्ये. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं, ज्या स्वतः लग्नानंतर घरच्यांच्या नजरा चुकवत वाचायला शिकल्या होत्या. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची, त्यावर पुढं नाटक आलं, २०१९ साली चित्रपट आला. कादंबरीनं जोडपं घराघरांत पोचवलं, त्याबद्दल तिचं ऋण आहे. पण त्या जोडनावात नवऱ्याची जागा मोठी झाली आणि रात्री दिव्याशी हाडांची नावं पाठ करणारी मुलगी मागे सरकली. ती तिच्या पत्रांत आहे. शुक्रावरच्या एका विवरालाही तिचं नाव दिलंय.

शेवटची वस्तू, जी नाहीशी व्हायला हवी होती आणि झाली नाही. क्षय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना तो झाला आणि साडेबारा लाख गेली. त्या रोग्यांतला चौथ्याहून जास्त हिस्सा भारताचा. जंतू कळून एकशेचाळीस वर्षं झाली, औषध निघून ऐंशी झाली. सहा महिने गोळ्या घ्यायच्या असतात, सुरुवातीला चार औषधं, मग कमी. सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात. पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात जमा व्हायची तरतूद आहे. तरीही माणसं मरतात. कारण निदान उशिरा होतं, गोळ्या मध्येच सुटतात, किंवा चारचौघांत कळेल म्हणून कुणी तपासायलाच जात नाही.

ज्या पुण्यात आनंदी गेली, तिथं आज खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो मुली राहतात. कॉट बेसिसवर, एका खोलीत चार-पाच जणी, एक डबा दोन वेळा पुरवत, परीक्षेच्या तारखांवर डोळा ठेवून. खोकला आला तर म्हणतात, परीक्षा झाली की बघू. घरी सांगत नाहीत, कारण घरचे परत बोलावतील. शिकायला म्हणून जी मुलगी बाहेर पडली आहे तिला परत जायची भीती आजाराहून मोठी वाटते, हे मला समजतं. पण हा आजार परीक्षेसाठी थांबत नाही.

तुमची मुलगी, भाची, शेजारीण किंवा तुमच्याकडं भाड्यानं राहणारी कुणी अशी असेल, तर तिला विचारा. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि थुंकी तपासून घ्या. क्षय निघाला तर सहा महिने तिच्या गोळ्यांवर लक्ष ठेवा, ताट वेगळं करू नका, आणि तिची पुस्तकं तिच्याजवळ राहू द्या.